बाजारही त्यांचा, गाळाही त्यांचाच

मित्रांनो, मी एक जुनी शिलाई मशीन आहे, हाताने चाक फिरवायची. कारखान्यातून निघाले तेव्हा माझ्या काळ्या अंगावर सोनेरी वेल होती. आता तिची चार पानं उरली असतील, पण टाका अजून सरळ पडतो.

आमच्या घरात तिघी. सासूबाई चाकांच्या खुर्चीत असतात. त्यांचा चष्मा, बाटली सारखी खाली पडायची, म्हणून सुनेने खुर्चीच्या हाताला अडकवायची पिशवी बेतली आणि माझ्यावर शिवली. नणंदेने तिचे फोटो इंटरनेटवरच्या सगळ्यात मोठ्या बाजारात टाकले. मग काय! मला तेल घालायलाही कुणाला उसंत मिळेना. "आता बाबा एकटे बागेत जातात," असं कुणा गिऱ्हाइकाने लिहिलं की सून ते मोठ्याने वाचायची, आणि माझं चाक आणखी भरभर फिरायचं.

मग मागणी एकाएकी आटली. नणंदेने फोन पुढे केला.

"वहिनी, ही बघ आपली पिशवी. तोच कप्पा, तीच तिरपी शिवण. नाव मात्र कंपनीचं!"

"आणि आपली कुठंय?"

नणंद बोट सरकवत राहिली. सरकवतच राहिली.

ज्या कंपनीचा बाजार, तिनेच आमचा खप पाहून तशीच पिशवी काढली होती आणि सगळ्यात वर मांडली होती. माझ्यावर चादर पडली. चादरीखालून मी रोजचा वाद ऐकायची.

"कंपनीचे दोन तुकडेच करायला हवेत," नणंद म्हणायची. "बाजार चालवा, नाहीतर माल विका."

"त्याला वर्षं जातील, ताई. आधी कडक नियम तरी करा."

"घरात काय भांडताय?" सासूबाई एकदा कडाडल्या. "या बाजारांबद्दल सरकारी समिती सगळ्यांचं ऐकून घेतेय ना? तिथे जाऊन बोला. मशीनही न्या."

दोघींनी असेच मागे पडलेले विक्रेते गाठले. खेळणीवाला आला, चपला करणारी आली. मला सभागृहातल्या टेबलावर ठेवलं.

"ही कशाला?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"पिशवी आधी हिच्यावर झाली, म्हणून," सून म्हणाली.

कंपनीचे वकील शांतपणे म्हणाले, "आमची पिशवी स्वस्त आहे. गिऱ्हाइकाचं भलंच झालं ना?"

सुनेने मान डोलावली. ते खोटं नव्हतं.

"झालं, साहेब. स्वस्त विका, आम्ही टक्कर देऊ. पण आमचं नाव टाकून शोधणाऱ्यालाही तुम्ही तुमचीच पिशवी दाखवता. शर्यतीत पळताय तुम्ही, आणि पंचाची शिट्टीही तुमच्याच तोंडात!"

पुढे नियम झाला. विक्रेत्यांच्या खपावर डोळा ठेवून माल काढायचा नाही, आपला माल वर ढकलायचा नाही. कंपनीच्या तुकड्यांचा निकाल अजून लागायचा आहे. नणंद एकही सुनावणी चुकवत नाही. मागणी पूर्वीइतकी नाही, पण येते.

मित्रांनो, काही घ्याल तेव्हा पहिल्याच चित्रावर बोट ठेवू नका. जरा खाली जा. तिथे कुणीतरी मान मोडून काम करत असतं. आम्ही तर हटणार नाहीच. तुम्ही फक्त आम्हाला शोधायचं सोडू नका.