मोठ्या बाई आणि चार इंजिनं

सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि महिनाभर लेकीकडे राहायचं आणि जिना चढायचा नाही असं फर्मान सुटलं, तेव्हा दाताच्या डॉक्टरांना वेगळीच काळजी लागली. गुडघ्याची काळजी नव्हती असं नाही. पण तळमजल्यावर खोली एकच, आणि त्या खोलीत त्यांचं विमान उभं होतं.

विमान म्हणजे काय, तर तीन स्क्रीन, एक घरघरणारा कॉम्प्युटर, भंगारातून आणलेली बस ड्रायव्हरची खुर्ची आणि टेबलाला पक्कं आवळलेलं स्टिअरिंग. पण सगळं चालू केलं की समोर चार पंख्यांचं जुनं प्रवासी विमान उभं राहायचं. जेट यायच्या आधीच्या जमान्यातलं, चांदीसारखं लखलखीत, आणि सुरू होताना भसाभस धूर ओकणारं. दिवसभर लोकांच्या जबड्यात डोकावणारे डॉक्टर सुट्टीच्या दिवशी ते घेऊन ढगांच्या वर जायचे.

"मी सगळं आवरून माळ्यावर टाकतो," ते बायकोला म्हणाले. आवाज असा, की जणू घरातलं कुत्रं कुणाला तरी देऊन टाकायचं आहे.

बायको फिजिओथेरपिस्ट. तिला भावनांपेक्षा सांधे जास्त कळायचे. "आईलाच विचार," ती म्हणाली.

विचारायचं म्हणजे वाघाच्या तोंडात हात घालणं. सासूबाई आयुष्यभर शाळेच्या मुख्याध्यापिका. सगळं गाव त्यांना मोठ्या बाई म्हणायचं, आणि डॉक्टरही मनातल्या मनात तेच म्हणायचे. लग्नाला इतकी वर्षं झाली, तरी त्यांच्यासमोर उभं राहिलं की डॉक्टरांना आपण गृहपाठ घरी विसरून आलोय असं वाटायचं.

मोठ्या बाई पलंगावर पाय लांब करून बसल्या होत्या. त्यांनी त्या पसाऱ्याकडे चष्म्यातून पाहिलं, मग चष्म्यावरून पाहिलं. "राहू दे," त्या म्हणाल्या. "भिंतीकडे बघत बसण्यापेक्षा बरं."

पहिल्या रविवारी डॉक्टर चोरासारखे हळूच येऊन खुर्चीत बसले. विमान उडालं, चढायला लागलं. थोड्या वेळाने मागून आवाज आला, "तो तिसरा काटा लाल रंगात गेलाय. चालतं का?"

चालत नव्हतं. तीन नंबरचं इंजिन तापलं होतं. डॉक्टरांनी घाईघाईने इंजिन गार करायच्या झडपा उघडल्या, जोर कमी केला, आणि तेवढ्यात विमान एका बाजूला कलंडलं.

"एकाच माणसाने सगळीकडे कसं बघायचं?" बाई म्हणाल्या. "खऱ्या विमानात कोण असतं यासाठी?"

"फ्लाइट इंजिनिअर. या जुन्या विमानांत इंजिनं सांभाळायला वेगळा माणूसच असायचा."

"मग मला ते काटे नीट दिसतील असं करा."

झालं. डॉक्टरांनी एक स्क्रीन पलंगाकडे वळवला आणि झडपांची बटणं बाईंच्या हाताशी दिली. बाईंनी रुजू झाल्या झाल्या वर्गाला शिस्त लावली. उड्डाणाआधी चहा संपवायचा. बोलताना तोंडात काही नको. आणि सर्वांत कडक नियम म्हणजे मध्येच थांबवायचं बटण दाबायचं नाही.

"अहो आई, फोन आला, कुणी दारात आलं तर?"

"विमान आकाशात थांबतं का?"

नाही म्हणता म्हणता दोघांची गट्टी जमली. लांबलांबच्या समुद्रांवरून त्यांचं विमान तासन्‌तास घुमत जायचं आणि दोघं गप्पा मारायची. शाळेतून निवृत्त झाल्यावर सगळ्यात कशाची चुटपुट लागली, तर कुणी काही विचारायलाच येईना, असं बाई एकदा काट्यांवरची नजर न हलवता म्हणाल्या. डॉक्टरांनी विचारलं, "आई, दोन नंबरचं तेल कसंय?"

"छान आहे," बाई म्हणाल्या, आणि जरा सरसावून बसल्या.

स्टिअरिंगला मात्र त्या हात लावायच्या नाहीत. "ते तुमचं काम," म्हणायच्या.

अशाच एका रविवारी दुपारी विमान बेटावरच्या विमानतळाकडे उतरायला लागलं होतं आणि दाराची बेल वाजली. शेजारचे सुतार शिडीवरून पडले होते. एका हाताने ओठावर रुमाल दाबलेला, दुसऱ्या हातात कप, कपात दूध आणि दुधात त्यांचा पुढचा दात.

"दुधात टाकलात, शहाणे आहात," डॉक्टर म्हणाले. "चला, लगेच बसवला तर वाचेल." दवाखाना मागच्याच गल्लीत होता. डॉक्टरांनी धावत आत येऊन थांबवायच्या बटणाकडे बोट नेलं.

"हात काढा," मोठ्या बाई म्हणाल्या. "नियम म्हणजे नियम. तुम्ही जा, मी बघते." आणि पाय जपत उठून त्या बस ड्रायव्हरच्या खुर्चीत बसल्यासुद्धा.

डॉक्टर गेले, पण जीव टांगणीला. दवाखान्यात पोचल्यावर त्यांनी फोन लावला, स्पीकरवर टाकला, ट्रेमध्ये ठेवला आणि हातमोजे चढवले.

"आई, काय दिसतंय?"

"समुद्र. आणि पुढे ती पट्टी. फारच बारीक आहे हो."

"बारीकच असते. जोर थोडा कमी करा. हळूहळू खाली या." सुतारांची मान खाली गेली. "तुम्ही नाही. तुम्ही वरच राहा, आणि तोंड उघडं."

दात जागेवर बसला. डॉक्टरांनी तो बोटाने दाबून धरला. "आता चाकं सोडा, आई. डावीकडचा खटका."

"सोडली. विमान उजवीकडे पळतंय."

"डावीकडे वळवा, पण अलगद. चिडलेल्या पोराचा हात धरल्यासारखं."

फोनमधून क्षणभर नुसती घरघर ऐकू आली. सुतार डोळे विस्फारून छताकडे बघत होते. दात दुखतोय हे ते पार विसरले होते.

"पट्टी मोठी झाली," बाईंचा आवाज आला. पहिल्यांदाच तो जरा कापरा वाटला. "जावईबापू, आता काय करू?"

"जोर पूर्ण बंद. नाक किंचित वर. आणि वाट बघा."

धाड असा आवाज आला. मग पुन्हा धाड. मग खरखर, बराच वेळ. मग काहीच नाही.

"आई?"

"पट्टी संपली," बाई म्हणाल्या. "मी गवतात आहे. पण उभी आहे."

सुतारांनी बोटं तोंडात असतानाच काहीतरी मोठ्याने म्हटलं. ते अभिनंदन होतं; पण दात हलला, आणि डॉक्टरांनी त्यांना चांगलंच झापलं.

दाताला तार बांधून डॉक्टर घरी आले तेव्हा बाई अजून त्याच खुर्चीत होत्या. स्क्रीनवर विमान गवतात तिरकं उभं होतं, आणि चारही इंजिनं त्यांनी ओळीने बंद केली होती. गाल लाल झाले होते. डॉक्टर वाकून बघू लागले. पंख शाबूत, चाकं शाबूत.

"किती मार्क?" डॉक्टरांनी विचारलं.

"पास," बाई म्हणाल्या. "काठावर. मला परत करायचंय."

डॉक्टर पलंगावर जाऊन बसले आणि काट्यांचा स्क्रीन त्यांनी स्वतःकडे ओढून घेतला.

तेव्हापासून खुर्ची बाईंचीच. महिना संपला. गुडघा इतका सुधारला, की मुलीने तपासून त्यांना घरी जायची परवानगी दिली. पण दुसऱ्याच दिवशी बाई पुन्हा लंगडायला लागल्या. मुलीने गुडघा दाबून पाहिला, वाकवून पाहिला, कुठे काही दोष सापडेना. तिने नवऱ्याकडे पाहिलं.

"मला काय विचारतेस?" डॉक्टर म्हणाले. "मी दातांचा डॉक्टर."