रुक्सांद्रासाठी मांडलेलं पान

या, असे जवळ या. अजून थोडं. ही गोष्ट मोठ्यानं सांगण्याची नाही. आमच्या ब्राईला गावच्या देवळात वाद्य वाजत नाही, नुसता माणसाचा गळा असतो, आणि मागच्या बाकावरच्या म्हातारीलाही शब्द न् शब्द पोचतो. तेवढ्याच आवाजात सांगेन. एका उपाशी आईची, तिच्यासाठी अन्न सोडलेल्या लेकीची, आणि त्या दोघींच्या मधे अडकलेल्या एका बापाची गोष्ट. त्या बापाला अंडंसुद्धा धड उकडता येत नव्हतं.

नदीवर पूल व्हायचा होता तेव्हाची गोष्ट. सेव्हेर फेरीबोटीवर कामाला होता. पहाटे पाचला पहिली खेप. धुकं इतकं दाट, की मोटारी पाण्यावरून नाही, ढगावरून पलीकडे जातायत असं वाटायचं. दुपारी दोनला सुटला की तो तसाच डिझेलच्या वासाचा शाळेच्या दारात उभा राहायचा. त्याची लेक इलिन्का बाहेर यायची, त्याचं बोट धरायची, आणि दोघं जेवायला झांफिराच्या खाणावळीत जायची.

बायको, रुक्सांद्रा, वारून पहिला हिवाळा सरला, तेव्हापासून हेच चाललं होतं. सेव्हेरला स्वयंपाकाला ना वेळ होता, ना हात. झांफिराच्या खाणावळीला सगळे 'ताट सरकव' म्हणायचे. लोखंडी पट्ट्यांवरून आपलं ताट आपणच सरकवत न्यायचं, काचेपलीकडून झांफिरा पळीनं वाढणार, पुढं पैसे द्यायचे, जागा मिळेल तिथं बसायचं. इलिन्काला ते आवडायचं. ताट सरकवताना ती तोंडानं बोटीचा भोंगा वाजवायची.

आणि मग एक दिवस तिनं तीन चमचे आंबट सूप घेतलं आणि चमचा खाली ठेवला.

"का गं? गरम आहे?"

"नाही."

"मग?"

"आई जेवली नाहीये," इलिन्का म्हणाली. "स्वप्नात आली होती. टेबलाशी बसली होती, हात असे मांडीवर. समोर काहीच नव्हतं. ती वाट बघत होती, बाबा."

त्या दिवसापासून रोज तीन चमचे. चौथा नाही. घरी पाव दिला तरी तीनच घास. दोन आठवड्यांत पोरीचा फ्रॉक खांद्यावरून घसरायला लागला. शाळेच्या बाईंनी चिठ्ठी पाठवली. डॉक्टरांनी घसा पाहिला, पोट दाबून पाहिलं, आणि हसून म्हणाले, काही झालेलं नाही. सेव्हेरला हसू आलं नाही. एक बाई त्याच्या घरातून अशीच हळूहळू हलकी होत गेली होती. आता त्याला प्रत्येक जेवणात इलिन्काचे चमचे मोजायची सवय लागली.

वरच्या मजल्यावरच्या आग्लायामावशींना त्यानं हे सांगितलं. त्या भाजी निवडत होत्या. हात थांबला नाही.

"अरे, मग सरळ आहे. भूक लागली म्हणून आली. पुढच्या शनिवारी पितरांचा दिवस आहे, तिच्या नावानं वाडगे वाटायचे. काय वाटणार आहेस?"

"झांफिराकडून दहा वाडग्यांचं सांगतो..."

"खाणावळीतलं?" आता हात थांबला. "आयुष्यभर स्वतःच्या हातचं खाल्लेली बाई ती. तिला तू तिकडे पण ताट सरकवायला लावणार? जे द्याल तेच तिथं पोचतं, माहीत आहे ना? सारमाले कर. द्राक्षाच्या पानात गुंडाळलेले. तिचे असायचे तसे."

"मावशी, मला येत नाहीत."

"मलाही बोट चालवता येत नाही. पण तू बुडालास तर प्रयत्न तरी करीन."

तर शुक्रवारी दुपारी सेव्हेर स्वयंपाकघरात उभा राहिला. समोर खारवलेली द्राक्षाची पानं, खिमा, तांदूळ, शेपू. इलिन्का स्टुलावर बसून देखरेख करत होती.

"आई एवढं नाही भरायची."

"बरं."

"आई कडा आत दुमडायची."

"दुमडतोय की."

"ते दुमडणं नाही बाबा, ते गुदमरवणं आहे."

बोटीचा जाड दोर तो डोळे मिटून खुंट्याला बांधायचा, पण पान काही त्याच्या बोटांना दाद देईना. पहिलं पातेलं खाली लागलं. दुसऱ्यात निम्मे सारमाले उकलले, आणि तांदूळ-खिमा रश्शात तरंगायला लागला. तरी वास मात्र ओळखीचा आला. शेपूचा, टोमॅटोचा, वाफेवर भिजलेल्या पानाचा. खिडकीच्या काचेवर वाफ जमली. इलिन्कानं त्यावर बोटानं काही काढलं नाही, नुसता तळवा टेकवून ठेवला. सेव्हेर तिच्याकडे बघत राहिला, आणि पातेलं आणखी थोडं लागलं.

शनिवारी देवळात नुसती नावं होती. याद्या वाचून होईनात. गायक म्हातारा झालेला, पण काय गळा! एकेक नाव तो असं उचलायचा, की जणू झोपलेलं मूल कडेवर घेतोय. नाव घ्यायचा, थोडं झुलवायचा, आणि हळूच पलीकडे ठेवायचा. रुक्सांद्राचं नाव आलं तेव्हा सेव्हेरला वाटलं, ती आता अंगणात आली आहे, नुसतं वळून बघायचा अवकाश. तो वळला नाही. बाहेर लिंडनची झाडं फुलली होती, आणि धूप कुठला नि फुलं कुठली हे नाकाला कळत नव्हतं.

मग वाडगे वाटले. नवे मातीचे वाडगे, निळ्या कोंबड्याचं चित्र असलेले, प्रत्येकात सारमाले, मक्याच्या घाट्याचा तुकडा, वर मूठभर चेरी आणि एक पेटती मेणबत्ती. "रुक्सांद्राच्या नावानं," इलिन्का म्हणायची. घेणारा म्हणायचा, "देव तिला क्षमा करो." आग्लायामावशींनी वाडग्यात डोकावून पाहिलं, त्यातले उकललेले सारमाले पाहिले, तोंड उघडलं, इलिन्काकडे पाहिलं, आणि नुसतं "देव तिला क्षमा करो" म्हणाल्या. जिन्यावर मात्र सेव्हेरच्या कानाशी पुटपुटल्या, "तुलाही करो."

घरी आल्यावर सेव्हेरनं लेकीपुढे पान मांडलं.

"पोचलं ना आता आईला? मग जेव."

"बघून येते," म्हणाली, आणि खिडकीखालच्या कोचावर झोपून गेली.

सेव्हेर खुर्ची ओढून तिच्याजवळ बसला. दुपार अशी स्तब्ध होती, की नदीवरचे भोंगेसुद्धा पाण्याखालून आल्यासारखे वाटत होते. पडदा फुगायचा, खाली बसायचा. पोरीचे ओठ मधेच हलायचे. ती कुठंतरी पलीकडच्या काठावर गेली होती, आणि आज बोट चालवणारा अलीकडच्या काठावरच राहिला होता.

चारच्या सुमारास तिनं डोळे उघडले.

"वाडगा पोचला, बाबा. निळ्या कोंबड्याचाच."

"जेवली?"

इलिन्कानं मान हलवली. नाही.

"तिनं हातात घेतला. वास घेतला. हसली, तुझे सारमाले बघून. आणि उठली."

"उठली म्हणजे?"

"वाढायला. तिथं खूप लोक होते. सगळ्यांना वाढत सुटली. वाडगा रिकामा झाला, मग तो धुतला. मी म्हटलं, आई, बस ना. तर म्हणाली, तुम्ही बसा, मी आलेच."

मी आलेच.

सेव्हेरचा अकरा वर्षांचा संसार, आणि त्यातलं रोजचं हे वाक्य. तो सूप ओरपत असायचा, पोरगी बडबडत असायची, आणि चुलीकडून पाठमोरा आवाज यायचा, मी आलेच. मग पाव कापायचा असायचा, मीठ आणायचं असायचं, दूध उतू जात असायचं. बालवाडीतल्या नोकरीवरून ती घरी यायची ती थेट चुलीपुढे, अंगातला कोट कधीकधी तसाच. त्यानं आठवायचा प्रयत्न केला: जेवणाच्या टेबलाशी, त्याच्या समोर बसलेली रुक्सांद्रा. चेहरा कसा दिसायचा? त्याला पाठ आठवली. वेणी आठवली. पातेल्याच्या झाकणावर चार घास घेऊन उभ्याउभ्या खाताना हलणारी कोपरं आठवली. समोर बसलेली काही केल्या आठवेना.

आणि आणखी एक आठवलं, नको असताना. नदीकाठच्या हॉटेलाजवळून दोघं येत होती. पांढऱ्या चादरी घातलेली टेबलं, हातावर रुमाल टाकलेला वेटर. ती थांबली. "तिथं गेलं की बसावंच लागतं, नाही?" म्हणाली. "उठायला कामच नाही. कुणीतरी येऊन विचारणार, काय आणू?" त्यावर तो म्हणाला होता, "तुझ्या हातचं सोडून बाहेर कशाला खायचं?" त्याला वाटलं होतं, आपण बायकोचं केवढं कौतुक केलं. ती हसली होती. नेहमीसारखी.

"बाबा, तू रडतोयस?"

"नाही. इलिन्का, आईला सारमाले नकोत गं. तिला बसायचं आहे."

पोरीनं ते नीट ऐकून घेतलं. तिला ते लगेच पटलं, जणू तिला माहीतच होतं आणि बापानं उशीर केला.

"मग कुणाला बसवायचं? इथल्या माणसाच्या हातात दिलं तरच तिथं मिळतं."

सेव्हेर विचार करत राहिला. इलिन्का चपला घालायलाही लागली होती.

"झांफिरामावशी," ती म्हणाली. "त्या कधीच बसत नाहीत. मी रोज बघते."

खाणावळ बंद व्हायला आली होती. झांफिरा पातेली घासायला काढत होती. घरी तिची स्वतःची दोन पोरं वाट बघत होती, आणि ती त्यांचा डबा भरून ठेवत होती.

"काय रे, बोट बुडाली का? शनिवारी आणि या वेळेला? सूप उरलंय, थोडा घाटा आहे. ताट घे."

"ताट नको. तुम्ही इकडे या आणि बसा."

"का? काय झालं?" तिनं ओले हात पुसले. "पोरगी बरी आहे ना?"

"बरी आहे. बसा."

सेव्हेरनं खिडकीजवळच्या टेबलावर घरून आणलेली पांढरी चादर अंथरली. रुक्सांद्राची, इस्टरला काढायची ती. शेवटचा निळ्या कोंबड्याचा वाडगा ठेवला. मेणबत्ती पेटवली. झांफिरा खुर्चीच्या कडेवर टेकली, फेरीबोटीवर गाडी चढवताना ड्रायव्हर बसतो तशी.

सेव्हेरनं खांद्यावर रुमाल टाकला.

"काय आणू तुम्हाला?"

"डोकं फिरलंय तुझं," झांफिरा म्हणाली. मग मेणबत्तीकडे पाहिलं, मग पोरीकडे, आणि आवाज खाली आला. "कुणाच्या नावानं?"

"रुक्सांद्राच्या," इलिन्का म्हणाली.

"देव तिला क्षमा करो." कुणी काय आणू विचारलं तर काय सांगतात, हे तिला खरंच आठवेना. "सूप आण. वर आंबट साय. भरपूर घाल, मी लोकांना घालते तशी नको."

सेव्हेर तो वाडगा घेऊन काचेच्या पलीकडे गेला. पळी हातात घेतली.

"ती नव्हे, मोठी..." झांफिरा उठली.

"बसा!" इलिन्कानं तिच्या खांद्यावर हात ठेवला.

सूप आलं. चमचा नव्हता, ती पुन्हा उठली, पुन्हा तो छोटा हात खांद्यावर. "उठायचं नाही. बाबा आणतो. तुम्हाला उठायला कामच नाही."

झांफिरानं पहिला चमचा घेतला आणि कपाळाला आठी घातली.

"मीठ कमी आहे. कुणी केलंय हे?"

"तुम्हीच," सेव्हेर म्हणाला.

"बघ! सकाळपासून शंभर जणांना वाढलं, चाखायला सवड झाली नाही." ती हसली, आणि ते हसू तिला आवरेना. "मीठ आण, वेटर."

सेव्हेरनं मीठ आणलं, पाव आणला, उरलेली चेरी आणली. खिडकीतून संध्याकाळचं ऊन त्या चादरीवर इतकं तिरपं आलं होतं, की टेबल जमिनीला टेकलेलं नाही असं वाटावं. लिंडनचा वास आत आला होता. झांफिरा खात होती. घाईनं नाही, उभ्यानं नाही, पाठ खुर्चीला टेकून. मधेच तिनं पाय सपातांतून बाहेर काढले आणि बोटं हलवली. एकदा डोळे मिटून नुसताच घास चघळला. सेव्हेर समोर उभा राहून बघत होता. खुर्चीत बसून जेवणाऱ्या बाईचा चेहरा कसा दिसतो, ते तो बघत होता.

इलिन्का टेबलाच्या कडेवर हनुवटी टेकून प्रत्येक चमच्याबरोबर मान खालीवर करत होती. वाडगा रिकामा झाला. झांफिरानं सवयीनं तो उचलला.

"धुवायचा नाही," इलिन्का म्हणाली. "तो तुमचा आहे. आणि धुणार बाबा."

मग ती थोडा वेळ रिकाम्या टेबलाकडे बघत उभी राहिली, कुणाचा तरी निरोप ऐकावा तशी. आणि म्हणाली,

"बाबा, मला भूक लागलीये."

सेव्हेरनं तिला झांफिराशेजारी बसवलं. सूप वाढलं. तीन चमचे. त्यानं श्वास रोखला. चौथा. पाचवा. मग मोजायचं राहून गेलं, कारण तिनं वाडगाच तोंडाला लावला होता आणि झांफिरा ओरडत होती, "अगं सावकाश, कुणी पळवत नाही!" आणि इलिन्का वाडग्याच्या आतूनच म्हणत होती, "अजून आण, वेटर."

पुढं सेव्हेर चार गोष्टी रांधायला शिकला. बाकीचे दिवस ते झांफिराकडेच जेवत. पण घरी असोत की बाहेर, सगळे बसल्याशिवाय चमचा उचलायचा नाही, असं इलिन्कानं ठरवून टाकलं होतं. रुक्सांद्रा पुन्हा स्वप्नात आली की नाही, हे तिनं कधी सांगितलं नाही, आणि सेव्हेरनं विचारलं नाही.

तुम्ही इतका वेळ ऐकलंत, तेव्हा एक मागणं आहे. आज जेवायला बसाल तेव्हा पहिल्या घासाआधी मनातल्या मनात एक नाव घ्या. ब्राईलाची रुक्सांद्रा. तुमची ती कुणी नव्हे, पण नाव घेतलं की पोचतं म्हणतात. तिची आठवण ठेवा.