दोन घरांची भिंत

अहो, त्या खड्ड्यात काय बघताय? मान वर करा. वर पिवळी, खाली निळी आणि मधून जिन्याचा तिरका व्रण असलेली ही उघडी भिंत दिसतेय ना, ती मी. दचकू नका. माझ्या कानांची बदनामी सगळ्यांनी केली, तोंडाची चौकशी कुणी केली नाही. आज जरा बोलू द्या.

माझा जन्मच भांडणातून झाला. शिंप्याचे वडील आणि घड्याळवाल्याचे वडील शेजारी शेजारी घरं बांधत होते. दोघांना आपापली भिंत हवी, आणि जागा तर पुरेना. शेवटी गवंडी वैतागला. "एकच बांधतो, जाड बांधतो. पटत नसेल तर दुसरा गवंडी बघा!" दोघंही कबूल झाले. अशी मी दोन घरांची लाडकी झाले.

या बाजूला शिंपीकाकांचं मशीन होतं. त्याच्या चाकानं घासलेला अर्धा गोल अजून आहे बघा. पलीकडे घड्याळवाल्यांची खोली. तिथल्या प्रत्येक घड्याळाची वेळ निराळी, चहा मात्र कायम वेळेवर.

गल्लीत नळ एकच, आणि पाणी यायचं त्याच्या मर्जीनं. ज्याला आधी चाहूल लागेल त्यानं माझ्यावर दोन ठोके द्यायचे, की दोन्ही घरं बादल्या घेऊन बाहेर. एकदा घड्याळवाले खिळा ठोकायला बसले आणि शिंपीणकाकू साबणाच्या हातांनी नळावर धावल्या. नळ कोरडा ठणठणीत! "भावजी, खिळा मारायच्या आधी ओरडून सांगत जा हो!" तेव्हापासून तशी रीतच पडली.

शिंप्याची मुलगी सारखी भिरभिरायची म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणत. शिंपीणकाकू आजारी पडल्या आणि गेल्या, तेव्हा ही पोर घड्याळवाल्या काकूंच्या हाताखाली वाढली. काकूंना मुलगा होता, मुलीची हौस हिनं भागवली. ही लबाड पाणी नसतानाही ठोके द्यायची आणि काकू बादली घेऊन धावल्या की खिदळायची. "कार्टे, थांब, बघतेच तुझ्याकडे!" म्हणत काकू तिलाच जेवायला वाढायच्या.

मग गल्लीतली घरं जायला लागली. आधी कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याचं, मग डॉक्टरांचं, ज्यांच्या ओट्यावर अख्खी गल्ली गप्पा ठोकायची. शिंप्याचं पाडलं तेव्हा तर माझं अर्धं अंगच गेलं. जिना काढला, माळा काढला, आणि या बाजूनं मी पहिल्यांदा ऊन बघितलं. मला ते मुळीच आवडलं नाही. शिंपीकाका भिंगरीला घेऊन दूर भावाकडे गेले. सुरुवातीला खुशाली कळायची. मग काका वारल्याचं कळलं, आणि पुढे काहीच नाही.

आता घड्याळवाल्यांचंही घर पाडायचंय. घड्याळवाले कधीच वारले. मुलगा रोज येऊन काकूंना विनवायचा, "आई, तिकडे लिफ्ट आहे, घरात नळ आहेत. किती दिवस अडून बसणार?"

"भिंगरी आली तर? तिला हाच पत्ता माहीत आहे."

"अगं, ती विसरलीसुद्धा असेल."

"असेल. मी नाही विसरले."

पण काल काकू थकल्या. "ने मला," एवढंच म्हणाल्या.

आज सकाळी सामान टेम्पोत चढत होतं. तेवढ्यात या मोकळ्या जागेतून एक बाई आली. केस पिकलेले, चपला धुळीनं माखलेल्या. त्या अर्ध्या गोलावर तिनं हात ठेवला आणि मी लगेच ओळखलं. हो, तीच! तिनं दोन ठोके दिले.

माझा तर जीव टांगणीला लागला.

मग आतून आवाज आला, "आले गं, आले! अरे, माझी बादली कुठे ठेवलीस?"

"आई, बादली टेम्पोत आहे. आणि नळ कधीच काढून टाकलाय!"

काकू रिकाम्या हातांनीच धडपडत बाहेर आल्या, घराला वळसा घालून थेट माझ्यापाशी. तिच्याकडे बघत राहिल्या.

"कार्टे," त्या म्हणाल्या, "पाणी नाहीच ना आलं?"

"नाही आलं, काकू."

आणि दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. मीही रडले असते, पण ओल आली म्हणून लोक नावं ठेवतात.

दोघी एकाच टेम्पोतून गेल्या. उद्या माझ्यावर घण पडेल. पडू दे, माझं काम झालं. फक्त एक ऐका. घण घालायच्या आधी जरा ओरडून सांगा. नाहीतर उगाच कुणीतरी बादली घेऊन धावत यायचं.