तापीचं सासर पाहून आलेला तुंबा

मी एक जुना तुंबा आहे. म्हणजे पोकळ, वाळवलेला भोपळा. हसू नका मित्रांनो, मी समुद्र पाहिला आहे!

सारंगखेड्याला धनुबाईच्या कुंपणावर माझा वेल होता. तिच्या नवऱ्याने, दोधूने, मला उन्हात सुकवलं, बिया काढल्या, तोंड राळेने बुजवलं, अंबाडीच्या दोरीची जाळी घातली. मला छातीखाली धरून तो रोज तापी ओलांडी. काठावर वाळूत तो आधी एक काडी रोवायचा. काडी बुडाली तर पूर. काडी कोरडी पडली की पाणी उतरलं, खुशाल जावं.

धनुबाईला पोहता येत नसे. पण एकच ध्यास, आपली तापी जाते कुठे? शेजारच्या शांतीलालची बहीण सुरतेपलीकडे, तापीच्या मुखाशी, दिली होती. त्याच्यासोबत तिच्याकडे जायचं ठरलं. धनुबाईने खणानारळाची ओटी घेतली आणि मलाही!

"तुंबा कसाले वं?" दोधू हसला.

"पानीना गावले चालनूत, ऱ्हाऊ दे."

आगगाडीत मी खिडकीशी होतो. उतरून शांतीलालमागे किनाऱ्याशी गेलो, आणि मग काय दिसलं! वाळूच्या लांब दांड्यामागे अडलेलं निळं, खारं तळं. एक कड समुद्राने घडवलेली, दुसरी माणसांनी बांधलेली. बांधाआड मिठाचे शुभ्र ढीग, चिखलात गुलाबी पायांचे पक्षी!

"बांधवरच बसा," म्हणून शांतीलाल बहिणीला बोलवायला मिठागरात गेला. दोधूने सवयीने काडी रोवली. घटकाभरात काडी कोरडी! "पानी उतरनं. चाल!"

गुडघाभर पाण्यातून मला घेऊन दोघं वाळूच्या दांड्यावर गेली. समोर अफाट समुद्र! धनुबाईने ओटी सोडली, गायली:

माझी तापीबाई । चालली सासरी
ओटी घेऊन मागे । आली गं शेजारी

वळून पाहतात तो काडी नाही. तळं भरत होतं. आकाश निरभ्र, पाऊस नाही, तरी पाणी चढत होतं. दांडाही पायाखालून आक्रसू लागला.

"आवो, पानी उलटं चाली ऱ्हायनं!" धनुबाई किंचाळली.

 दोधूने मला तिच्या छातीशी बांधलं. "तुंबा सोडू नको. मी शे." स्वतः नुसत्या हातांनी पोहत त्याने आम्हाला ओढलं. लाट डोक्यावरून गेली. माझी जाळी करकरली, एक दोरी तुटली. पण मी बुडलो नाही, मित्रांनो! त्या माउलीला घेऊन मी बांधाला लागलो.

शांतीलाल धावत आला. "अरे दोधूभाऊ, दर्या दिनमा दोन येळा घर येस! इचारानं तरी!"

"आमनी तापी गयी का परत कधी येत नई ना," दोधू धापा टाकत म्हणाला. धनुबाई भिजल्या लुगड्यात हसू लागली, मग रडू लागली. मला मात्र तिने सोडलं नाही.

आता दोधू नावेतून तापी पार करतो. मी खुंटीवर, अंगावर कोळिष्टकं. माझ्या बिया मात्र धनुबाई दर वर्षी कुंपणाशी लावते.

मित्रांनो, कुठे खुंटीवर जुना तुंबा दिसला तर त्याला चुलीत घालू नका. दोरीची जाळी तेवढी नवी करा. पाणी कधी उलटं चालू लागेल, सांगता येत नाही.