पांढऱ्या वायरीची फेरी

या, असे जवळ सरकून बसा, मागच्यांनाही जागा होऊ द्या. आज एका वायरीची गोष्ट ऐकवायची आहे. हातभर लांब, पांढरी, फोनच्या चार्जरची. देवाला माणसाच्या मनातलं उघड करायचं असलं की तो मोठं सामान मागवत नाही, हाताशी असेल ते उचलतो.

एका मोठ्या हॉटेलच्या तळघरात धुलाईखोली होती. वरून मळलेल्या चादरी यायच्या आणि कोऱ्या होऊन परत जायच्या. तिथे माणसं चार. बॉयलर सांभाळणारे काका, फाटलेलं सांधणारी रफूवाली, चुरूचुरू बोलणारी घडीवाली, आणि तीस वर्षं इस्त्रीच्या टेबलामागे उभी असलेली ताई. भिंतीवरच्या फळीवर प्लगचा एक बोर्ड, त्यात चौघांचे चार चार्जर. वायरी एकाच दिवशी एकाच दुकानातून आणलेल्या, चारही हुबेहूब. कोणती कोणाची, ते नुसतं जागेवरून ओळखायचं.

आता ताईचं ऐका. तिच्या धाकट्या भावाला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. तो दूरच्या एका कारखान्यात सुतार. दर बुधवारी चार वाजता, चहाच्या सुट्टीत, तो फोनवर समोर दिसायचा आणि बहीणभाऊ हातांनी बोलायचे. मागच्या बुधवारी ताईचा फोन ऐन वेळी बंद पडला. धाकट्याने पुन्हापुन्हा लावला, आणि बहिणीला काही झालं असं धरून, हातातलं काम टाकून, बसने सात तास प्रवास करून दारात उभा. ती धडधाकट दिसली तसा तिथेच मटकन बसला आणि रडला. परत गेल्यावर मुकादमाने त्याला कागदावर लिहून दाखवलं, की पुन्हा न सांगता गेलास तर येऊच नकोस.

आणि या बुधवारी, दुपारी दोन वाजता, ताईने पाहिलं तर सकाळपासून वायरीला लावलेला फोन काळा ठिक्कर. धाकट्याचा नंबर त्या फोनच्याच पोटात, तिला पाठ नव्हता. चारला फोन लागला नाही तर तो पुन्हा बस पकडणार, याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती.

डाग काढताना ती एका वेळी एकच उपाय करायची. लिंबू, मीठ, सोडा एकदम फासलं तर गुण कशाचा आला ते कळणार कसं? तिने तेच इथे केलं. आधी चार्जर बोर्डाच्या दुसऱ्या भोकात लावला. काही नाही. मग फोनचं तोंड लाकडी काडीने हलकेच कोरलं, तर आतून करडी कापसाची गोळी निघाली. ताईला वाटलं, सापडला चोर. पण फोन काळाच. मग वायर तीच ठेवून शेजारचा चार्जर जोडून पाहिला. तरीही नाही. शेवटी बाकी सगळं तसंच ठेवलं आणि काकांची वायर लावली. दोन मिनिटांनी पडद्यावर बॅटरीचं चित्र उमटलं. ताईने डोळे मिटून देवाचं नाव घेतलं.

काकांचा फोन भरून बाजूला पडलेला होता. आपली मेलेली वायर त्यांच्या जागी ठेवली की झालं, कोणाला पत्ता लागणार नव्हता. हात तिकडे गेलाही होता. एवढ्यात त्या मेलेल्या वायरीच्या मानेपाशी नखाएवढा तपकिरी डाग दिसला. डाग कशाचा आहे, हे ताईला कोणी सांगावं लागत नसे. तो इस्त्रीच्या टोकाचा होता. तिच्याच इस्त्रीच्या.

महिन्यापूर्वी टोक लागलं होतं. आठ दिवसांनी वायर नखरे करू लागली, तेव्हा ताईने तिची काकांच्या वायरीशी गुपचूप अदलाबदल केली होती, आणि मनाला सांगितलं होतं, एखाद्या फोनला चालेलही.

तिने इस्त्री बंद करून तिघांना हाक मारली.

"ही वायर माझी आहे," ती म्हणाली. "माझ्याच हातून भाजली, आणि मीच ती काकांच्या जागी ठेवली."

काकांनी घसा खाकरला. म्हणाले, मला आठवड्यातच कळलं होतं, म्हणून तर रफूवालीकडे सरकवली. रफूवालीने ओठांत धरलेली सुई काढली आणि खाली बघत घडीवालीचं नाव घेतलं. घडीवालीने हात वर केले.

"मी ताईंच्या जागी ठेवली. मागच्या मंगळवारी. म्हटलं, ताई कुणाला बोलत नाहीत."

"म्हणजे चौघांनी मिळून एक वायर पाळली की," काका म्हणाले.

आधी घडीवाली फिसकन हसली, मग सगळेच. ताई हसता हसता डोळे पुसत होती. आपणच सोडलेली वायर खोलीभर फिरून धाकट्याच्या भाकरीवर आली होती, हे तिला आता पुरतं दिसत होतं.

विरलेली चादर चुकून पुन्हा घडीत जाऊ नये म्हणून तिचा कोपरा कापून टाकायची तिथली रीत. ताईने तीच कात्री घेतली आणि वायरीचे दोन तुकडे केले. काका म्हणाले, आज माझी राहू दे तुझ्याकडे, मला कोण फोन करतंय.

बरोबर चारला फोन थरथरला. पडद्यावर भुसा लागलेला चेहरा आला. फोन अजून वायरीलाच होता, आखूड वायरीने तो टेबलावर उभा करता येईना, आणि हातात धरला तर ताईला बोलायला एकच हात उरणार. काही न विचारता रफूवाली पुढे झाली, आणि तिने फोन ताईसमोर उचलून धरला. ताईच्या दोन्ही हातांनी सगळं सांगितलं, डाग, फेरी, कात्री. धाकटा पोट धरून हसला, मग सुट्टी संपल्याची खूण करून कामावर गेला.

अकरा मिनिटं. रफूवालीला त्यातली एकही खूण कळत नव्हती. खांदा भरून आला, कोपर थरथरू लागलं, तरी तिने फोन बोटभरसुद्धा खाली येऊ दिला नाही. आज देवापुढे हात जोडाल तेव्हा एवढं करा, तिची आठवण काढा.