साठ ठेक्यांच्या गावात

मित्रांनो, माझं झाकण जरा अलगद उघडा. त्याची बिजागरी माझ्याहून जास्त कुरकुरते. मी रेकॉर्ड प्लेअर आहे, जुना म्हणजे चांगलाच जुना. लाकडी पेटी, वर रबर चढवलेली गोल चकती आणि कडेला सुई धरलेला बारीक हात, एवढाच माझा संसार. माझ्या वयाचे बहुतेक जण भंगारात गेले, नाहीतर हॉटेलांत शोभेला बसले. मी मात्र अजून काम करतो. आणि खरं सांगू? फार दमलोय. आता तुम्ही म्हणाल, म्हातारा झाला, दमणारच. तसं नाही. मी तरुणपणापासूनच दमलेला आहे. कसा, ते ऐका.

सिंगापूरच्या एका दुकानात, काचेमागे मी उभा होतो. तेरॉय नावाचा माणूस आत आला. जहाजावर स्वयंपाकी होता, बोटांना लसणाचा वास. त्याने माझ्यावर एक तबकडी लावून बघितली, डोळे मिटले आणि मला घोंगडीत गुंडाळून थेट आपल्या गावी आणलं. फिलिपिन्समध्ये, दुमागेते शहराच्या खाली, समुद्राला चिकटलेलं गाव. मागच्या पडवीत, बदामाच्या झाडाच्या सावलीत मला मांडलं. सगळी आळी जमली. तेरॉयने विजेची पिन खोचली, आणि मित्रांनो, कुणी पाठीत रपाटा घालावा तसा मी पळत सुटलो!

माझ्या मोटारीचं असं आहे की ती विजेच्या ठेक्यावर पाय टाकते. सिंगापुरात वीज सेकंदाला पन्नास ठेके देते आणि माझी घडण त्या चालीची. या गावची वीज देते साठ. बस, एवढंच. जिथे मिनिटाला तेहतीस फेऱ्या घ्यायच्या तिथे मी चाळीस घेऊ लागलो. गाणी पळू लागली, आवाज चढू लागले. पण सांगणार कोणाला? मला तोंड नाही, आणि जे आहे त्यातून दुसऱ्याचंच गाणं निघतं.

गावात दुसरा रेकॉर्ड प्लेअर नव्हता, त्यामुळे कुणाला शंकाही आली नाही. तेरॉयचा मित्र कार्पो गिटार वाजवायचा, तो तारा माझ्याशीच जुळवून घ्यायचा. कधीमधी तेच गाणं रेडिओवर लागलं, तर कार्पो हसायचा. "नोंग तेरॉय, तुझ्या रेडिओचे सेल उतरलेत बघ. कसं रडतंय बिचारं!" नोंग म्हणजे थोरला भाऊ. तेरॉयला सगळेच नोंग म्हणायचे.

तेरॉय बंदराबंदरांतून रॉकचे, पॉपचे अल्बम आणायचा. इंग्रजी बँडांची लांबलचक नावं कुणाच्या जिभेवर बसेनात, म्हणून या लोकांनी अल्बमांना वेष्टनांवरच्या चित्रांची नावं दिली. निळं दार. चार छत्र्या. उपाशी घोडा. आणि तो सुट्टीवर घरी असताना दर शनिवारी, जेवणं उरकली की माझ्याभोवती मैफल बसायची. तेरॉय, कार्पो, शाळेतल्या बेनिंग मॅम आणि तेरॉयची धाकटी बहीण अदेल्फा. माडीचा एक घडा, शिरक्यात मुरवलेली कच्ची मासळी, आणि सगळ्यांत मिळून पेला एकच. त्यांच्याकडे पितात ते असंच, एकाच पेल्याने, आळीपाळीने. पण या मैफलीने वर स्वतःचा एक नियम घातला होता. अल्बम दोन्ही बाजू पुरा ऐकायचा, मध्ये चकार शब्द नाही. मग पेला फिरणार, आणि ज्याच्या हातात पेला, बोलणार फक्त तोच.

काय भांडायचे म्हणून सांगू! आणि मजा अशी, की तोच अल्बम काही वर्षांनी पुन्हा काढायचे आणि मागचा निकाल फिरवायचे. तरुणपणी कार्पो उपाशी घोड्याला म्हणाला होता, "हा काय गातोय? याच्या पायावर कुणी नांगर टाकलाय का?" पुढे एका वादळात त्याची होडी गेली. त्यानंतरच्या शनिवारी त्याने तोच अल्बम मागून घेतला. पेला हातात येताच म्हणाला, "हा ओरडत नाहीये रे. हाक मारतोय."

पण मला सांगायचंय ते अदेल्फाबद्दल.

मी आलो तेव्हा ती सतरा वर्षांची होती, आणि निळं दार तिचा जीव होता. त्या अल्बमचं पहिलं गाणं नुसत्या आवाजाने सुरू होतं. एक वाद्य नाही, फक्त गळा. वेष्टनावर गायकाचा फोटो नव्हता, म्हणून वाद चालायचा. कार्पो म्हणे, मिसरूड न फुटलेला पोरगा आहे. बेनिंग मॅम म्हणत, छे, बाईच. अदेल्फा वादात पडायची नाही. ती माझ्याबरोबर गायची. मी जो सूर टाकीन त्यावर तिचा सूर असा येऊन बसायचा, जसं घड्यावर झाकण. माझी दमछाक चाललेली असायची, पण ती गायला लागली की मला पळणंसुद्धा बरं वाटायचं.

दोन वर्षांनी समुद्रापलीकडच्या सेबू शहरातून निरोप आला. हाँगकाँगच्या हॉटेलात वाजवायला निघालेल्या एका बँडला गाणारी हवी होती. अदेल्फा बोटीने गेली. जाताना माझ्यावर फडकं मारून गेली. तिसऱ्या दिवशी परत आली ती माझ्याकडे न बघता थेट आत गेली. पुढे कधीतरी पडवीत बसून तिने बेनिंग मॅमना सांगितलं, तेव्हा मी ऐकलं. तिने निळ्या दाराचं पहिलं गाणं निवडलं होतं. पहिली ओळ एकटीने म्हटली. मग वाद्यं आली, आणि ती भलत्याच्याच घरात शिरल्यासारखी झाली. सूर वेगळा, चाल वेगळी. पुन्हा सुरू केलं, पुन्हा तेच. बँडचा म्होरक्या हसून म्हणाला, "आवाज आहे हो बाई. कान नाही."

मित्रांनो, तिचा कान जरा कच्चा असता ना, तर ती त्या दिवशी निभावून गेली असती. कुठल्याही सुरावरून सुरुवात केली असती, वाद्यांना धरून घेतलं असतं. पण तिने माझा सूर जसाच्या तसा उचलून, समुद्र ओलांडून तिथवर नेला होता, जराही न सांडता. तिथे तो कुणाच्या ओळखीचा नव्हता.

त्यानंतर ती गायली नाही. शनिवारी यायची, माडी ओतायचं काम तिच्याकडे असायचं. पेला तिच्यापाशी आला की एक घोट घ्यायची आणि पुढे द्यायची. "मला काय कळतंय? मला कान नाही." सुरुवातीला सगळे आग्रह करायचे, मग सवय झाली.

मध्ये कॅसेटी आल्या, मग आणखी काय काय आलं. कोंबडी माझ्या झाकणावर अंडी घालून गेली, तेही दिवस मी काढले. तेरॉय समुद्रावरून कायमचा परतला तेव्हा त्याने मला पुसलं, नवी सुई आणली, आणि पांढऱ्या केसांची तीच चौकडी पुन्हा बसू लागली. मीही पुन्हा पळू लागलो. आता पळताना आतून घरघर यायची. "खोकतोय म्हातारा," कार्पो म्हणायचा आणि आवाज वाढवायचा.

मग एका वर्षी नाताळच्या आधी वादळ झालं. तेरॉयचं अर्धं छप्पर गेलं, अल्बम तेवढे शाबूत.

"पाणी शिरल्यावर बायकोच्या आधी अल्बम उचललेस म्हणे?" बेनिंग मॅम म्हणाल्या.

"बायकोला पाय आहेत, मॅम."

विजेचे खांब आडवे झाले होते. मच्छीमारांनी बर्फासाठी आपला जुना जनरेटर लावला होता, त्यावरून कार्पोने एक वायर ओढून आणली. शनिवार होता. एवढी पडझड झाल्यावर काय ऐकायचं, तर निळं दार, असं ठरलं. तेरॉयने पिन खोचली.

आणि मी चाललो! पळालो नाही, चाललो. सिंगापूरच्या त्या दुकानानंतर पहिल्यांदा माझी पावलं मला सापडली. सुई टेकली आणि पडवीत एका माणसाचा आवाज भरला. जाड, खोल, थकलेला. पुरुषाचा.

कार्पो मैफलीचा नियम विसरून खो खो हसला. "अरे, हा तर टोणगा निघाला! जनरेटर दमलाय, नोंग. बंद कर."

"बंद करू नका," अदेल्फा म्हणाली. ती माडी ओतत होती. पेला भरून वाहत होता, तिचं लक्ष नव्हतं. "पुन्हा लाव, नोंग. सुरुवातीपासून."

तेरॉयने लावलं. पहिली ओळ संपली, वाद्यं आली, आणि ती म्हणाली, "हाच. सेबूला त्यांनी वाजवला होता तो सूर हाच."

"काहीतरीच तुझं," कार्पो म्हणाला. "चाळीस वर्षांपेक्षा जास्त झाली. कसा आठवेल?"

"विसरायचा इतका प्रयत्न केला, आठवणार नाही तर काय? गिटार घे. हा बघ सेबूचा." तिने तोंड न उघडता एक सूर धरला. "आणि हा आपल्या पडवीतला." दुसरा, वरचा. इतक्या वर्षांनी तिच्या गळ्यातून सूर निघाला होता, पण ती इतकी चिडलेली होती की तिच्याही ते लक्षात आलं नाही. कार्पोने गिटारवर दोन्ही शोधले. मान वर केली तेव्हा तो हसत नव्हता.

तेरॉयच्या कपाळावर आठ्या पडल्या. जहाजावर त्याने विजेच्या ठेक्यांच्या गोष्टी पुष्कळ ऐकलेल्या. "कार्पो, त्या जनरेटरचा काटा कुठे आहे?"

"पन्नासपाशी लोळतोय. डिझेल वाचवायला हळू ठेवलाय ना त्यांनी."

तेरॉयने सुई उचलली, पिन काढली आणि मला उचलून चक्क पालथं केलं. माझ्या पोटावर पत्र्याची पट्टी आहे. तिच्यावर पन्नासचा आकडा कोरलेला आहे, जन्मापासून. तिकडे कुणी कधी बघितलंच नव्हतं.

"म्हणजे इतकी वर्षं," बेनिंग मॅम सावकाश म्हणाल्या, "आपण जे काही निकाल दिले..."

"चार छत्र्या लाव!" कार्पो घाबराघुबरा झाला होता. लावला. ज्या गाण्यावर सगळं गाव नाचायचं ते गाणं मयताला निघाल्यासारखं चालू लागलं. "अरे देवा! याच्यावर नाचून मी माझ्या तेक्लाला लग्नाला पटवलं होतं!"

"तिला सांगू नकोस," बेनिंग मॅम म्हणाल्या. "निकाल फिरवेल ती."

तेरॉय मात्र मला मांडीवर धरून तसाच बसला होता. "हा डबा मी आणला, दाय," तो बहिणीला म्हणाला; धाकटीला तिकडे दाय म्हणतात. "मीच तुझं..."

अदेल्फाने पेला उचलला. "नोंग, पेला कुणाकडे आहे?"

"तुझ्याकडे."

"मग गप्प बस."

आणि ती बोलायला लागली. मित्रांनो, काय बोलली! आधी निळ्या दाराबद्दल. "मला दोन्ही सूर स्वच्छ ऐकू येत होते. इथला आणि तिथला. दोन सूर आहेत म्हणजे कुठेतरी गफलत आहे, एवढं मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण तो माणूस म्हणाला कान नाही, आणि मी त्याचं ऐकलं. म्हणजे कान होताच की. भलत्याचं ऐकलं, एवढंच." मग ती उपाशी घोड्यावर आली. "कार्पो, तू म्हणतोस तो हाक मारतोय. नाही. तो उत्तर देतोय. हाक दुसऱ्या बाजूला आहे, तिसऱ्या गाण्यात, मागून एक बाई गुणगुणते बघ, ती. तुम्ही दर वेळी तिथेच मासळीत हात घालता." मग बेनिंग मॅमच्या लाडक्या अल्बमची पिसं काढली. मग आणखी एकाची, मग आणखी. कार्पोने दोनदा तोंड उघडलं. तिने पेला उंच धरून दाखवला, त्याने मिटलं. सगळ्या शनिवारांचे साठलेले निकाल होते ते. घड्यातली माडी तशीच राहिली, कारण ती पेला खाली ठेवेचना. तेरॉय डोळे पुसत ऐकत होता.

वीज परत आली तेव्हा तेरॉयने मला दुमागेतेला नेलं. माझ्या मोटारीवरचं छोटं चाक काढून त्याहून बारीक बसवलं. आता साठ ठेक्यांच्या गावातही मी माझ्या चालीने चालतो. पण इतकी वर्षं धावलेली हाडं अशी लगेच कशी बरी होतील? मी थकलोय तो थकलोच.

म्हणून तुम्हाला सांगतो, घरात एखादी वस्तू आणाल तेव्हा ती नुसती पुसू नका. एकदा पालथी करून तिच्या पोटावर काय लिहिलंय ते वाचा. आणि माणसांच्या बाबतीतही तेच. कुणी तुमच्या सुरात गायलं नाही, तर त्याला कान नाही म्हणण्याआधी तो कुठून ऐकून आलाय, एवढं विचारा. विचारायला कितीसा वेळ लागतो! अदेल्फाचा किती गेला बघा.

परवाच्या शनिवारी निळं दार लागलं. पहिली ओळ सुरू होणार, तेवढ्यात अदेल्फा उठली, तिने सुई उचलली आणि मला बंद केलं. कार्पो म्हणाला, "अगं, ऐकू दे ना!" ती म्हणाली, "ऐका की." आणि तिने गायला सुरुवात केली. ना सेबूच्या सुरात, ना माझ्या जुन्या सुरात. आता तिच्या गळ्याला झेपेल अशा तिसऱ्याच. माझी चकती हळूहळू फिरत थांबली, आणि मी ऐकत राहिलो.