सीटमागची जागा

माझ्या धाकट्या भावाने आजवर कामाची म्हणून एक वस्तू विकत घेतलेली नाही. घरात त्याला शेंडेफळ म्हणतात आणि पस्तिशी उलटली तरी तो ते नाव निष्ठेने चालवतो. यंदा त्याने एक जुनी, लाल, दोन सीटची स्पोर्ट्‌स कार आणली. ती जमिनीला इतकी टेकलेली, की आत बसण्याआधी गुडघ्यांची परवानगी घ्यावी लागते. छत मिटून मागे डिकीत जातं, याचं त्याला कोण कौतुक. आता त्या काडेपेटीत त्याला सबवूफर, म्हणजे बेसचा मोठा स्पीकर, बसवून हवा होता.

"छत उघडलं की गाणं वाऱ्यावर जातं गं ताई," तो म्हणाला. "बेस कसा पाठीत बसला पाहिजे."

"मी धपाटा घालते की. तोही पाठीतच बसतो."

गाड्यांची सीटकव्हरं आणि गालिचे शिवणं हे माझं काम. वायरिंग, स्पीकर, ॲम्प्लिफायर हे आमच्या ह्यांचं. एका शटरखाली इतकी वर्षं काढल्यावर आम्ही एकमेकांशी पूर्ण वाक्य बोलणं कधीच सोडून दिलंय. 'ते द्या', 'तिकडचं बघ', 'झालं का' आणि 'हं' एवढ्यावर आमचा संसार आणि दुकान दोन्ही चालतात. याचा मला अभिमानही होता.

सबवूफरची पेटी कुठे बसवायची यावर सकाळभर खल झाला. डिकीत बसवावी तर छत मिटून ठेवायला जागा उरत नाही. सीटखाली बोटसुद्धा जात नव्हतं. पायाशी बसवावी तर भावजय. ती पोहायला शिकवते आणि उंचीला आमच्या शटरला लागते. तिला सगळे शिडी म्हणतात, तीही हसून ओ देते. तिने बाजूच्या सीटवर बसून पाय लांब केले आणि म्हणाली, "ठेवा ना इथे पेटी. फक्त माझे पाय कुठे ठेवायचे ते सांगा."

"वर काढ," शेंडेफळ म्हणालं. "छत उघडंच असतं की."

ह्यांची स्वतःची एक पद्धत आहे. जिथे गाणं ऐकायचं तिथे, म्हणजे ड्रायव्हरच्या सीटवर, ते पेटी ठेवून वाजवतात आणि जिथे जिथे पेटी बसू शकेल तिथे तिथे स्वतःचं डोकं नेऊन ऐकतात. जिथून बेस भरीव लागेल ती पेटीची जागा. त्या दिवशीही हे डोळे मिटून गाडीत आडवेतिडवे घुसत होते, अर्धे आत, अर्धे बाहेर, आणि शेंडेफळ त्यांचे फोटो काढत होतं. शेवटी दोन्ही सीटच्या पाठीमागे जो हातभर रुंदीचा कट्टा आहे, तिथे ह्यांचं डोकं थांबलं. बराच वेळ थांबलं.

"इथे," हे म्हणाले.

तो कट्टा म्हणजे एक पत्रा आणि त्या पत्र्याखाली पेट्रोलची टाकी. मला पेट्रोलची भीती वाटते, अगदी पोरकट भीती. पंपावर मी गाडीतून उतरून लांब जाऊन उभी राहते.

"तिथे नको," मी म्हटलं.

"दुसरी जागा दाखव."

"नुसती बांधून ठेवा. भोकं नका पाडू."

"जोरात ब्रेक मारला की पेटी ह्याच्या मानेत. स्क्रू हवेतच."

पत्र्याच्या पलीकडे काय आहे ते बघितल्याशिवाय हे ड्रिलला हात लावत नाहीत, हे खरं. गाडी उचलून दिवा घेऊन ते खाली निजले, खालचं झाकण सैल करून नीट पाहिलं आणि बाहेर येऊन सांगितलं की पत्रा आणि टाकी यांच्यात बोटभर मोकळी जागा आहे. बोटभर म्हणजे पुष्कळ, म्हणाले. मग त्यांनी वरून माप घेतलं. कट्ट्यावरचा गालिचा, त्याखालचा लोकरीचा जाड नमदा, पत्रा आणि पुढे नखभर, एवढं मोजून ड्रिलला लाल चिकटपट्टी गुंडाळली. चिकटपट्टी टेकली की थांबायचं. स्क्रूही त्याच मापाचे निवडले. मी हे सगळं बघत होते. तरी दोन पावलं मागेच उभी होते.

पेटी धरायला दोन लोखंडी पट्ट्या होत्या. त्या गालिच्यावर ठेवणं हे माझं काम, कारण ह्यांच्या खांद्यांना त्या फटीत जागा नाही. हात आत घातला की डोक्याला वाकून बघायला जागा उरत नाही. पट्ट्या नमद्यावर डुगडुगत होत्या. अशा राहिल्या असत्या तर पेटी आयुष्यभर खडखडली असती आणि शेंडेफळाने आयुष्यभर ऐकवलं असतं. म्हणून मी पट्ट्यांच्या मापाने गालिचा आणि नमदा कापून काढला आणि पट्ट्या थेट पत्र्यावर बसवल्या. अगदी फिट्ट. शेजारी टायरवाल्याचा कॉम्प्रेसर चालू होता. त्याच्या वरताण ओरडून मी सांगितलं, "खालचं काढलंय हं."

"हं," हे म्हणाले.

मग मी सरकले आणि ह्यांनी हात आत घालून, बोटांनी चाचपत, चारही भोकं पाडून स्क्रू पिळले.

दुपारी पेटी वाजली तेव्हा सीट गुरगुरली. शेंडेफळाने ह्यांना मिठी मारली, मग माझ्याकडे वळला आणि मी मारू दिली नाही म्हणून रागावल्याचं नाटक केलं. दोघं समुद्रावर निघाली होती. भावजयीची पर्स मीच डिकीत ठेवली, फोन तिच्यातच.

"टाकी रिकामी आहे," तो म्हणाला. "पंपावर फुल्ल करतो आणि निघतो."

छत उघडं टाकून, धमधम करत ती दोघं कोपऱ्यावरून वळली. हे हात धुता धुता म्हणाले, "चौथा स्क्रू जरा जड गेला." आणि मी केर काढायला लागले.

केरात गालिच्याचे नमद्यासकट दोन लांबट तुकडे होते. हे वाकून एक उचलून बघू लागले.

"हे कुठलं?"

"खालचं."

"कशाच्या खालचं?"

"पट्ट्यांच्या. सांगितलं नव्हतं का, खालचं काढलंय म्हणून?"

तुकडा घेऊन ते ड्रिलपाशी गेले आणि त्यांनी तो ड्रिलच्या टोकाला लावून धरला. टोकापासून लाल चिकटपट्टीपर्यंतची जवळजवळ सगळी लांबी त्या तुकड्याच्या जाडीतच मावत होती. म्हणजे गालिचा नसताना ड्रिल तेवढंच जास्त खाली गेलं होतं. त्या बोटभर मोकळ्या जागेतून, पलीकडे.

"मला वाटलं, गाडीच्या खालचं झाकण," हे म्हणाले. "मला वाटलं तू झाकण म्हणतेस."

मी तिथेच शिलाई मशीनला धरून उभी राहिले. ह्यांच्या चेहऱ्यावर रंग नव्हता आणि ते बघून मला जास्त भीती वाटली, कारण हा माणूस घाबरत नाही, निदान माझ्यासमोर नाही.

"रिकामी आहे म्हणाला ना तो," मी म्हटलं. "रिकामी असली तर काही होत नाही ना?"

"फुल्ल करणार आहे."

मी शेंडेफळाला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. तिकडे गाडीत ते गाणं चालू असणार, सीट गुरगुरत असणार, आणि त्याला ऐकू येऊ नये याची सोय आम्हीच करून दिली होती. भावजयीचा लावला तेव्हा तो डिकीत वाजत असेल हे ठाऊक असूनही लावला. शटर उघडंच टाकून आम्ही दुकानाची व्हॅन काढली.

वाटेत हे एकच बोलले. "स्क्रू आहे म्हणून थांबलं असेल. बुचासारखं."

"आणि हादऱ्याने सैल झाला तर?"

ह्यांनी ॲक्सिलरेटर आणखी दाबला.

पंपावरच्या माणसाला लाल गाडी लगेच आठवली. "आत्ताच गेले की. फुल्ल टाकलं. गाणी जोरात होती, मीच म्हटलं इथे बंद करा." मग त्याने समुद्राच्या रस्त्याकडे हात केला. त्या रस्त्यावर रेल्वेचं फाटक लागतं. ते बंद असावं म्हणून मी मनात विनवण्या केल्या आणि लगेच वाटलं, नको, बंद असलं तर गाडी रांगेत उभी राहील, चारी बाजूंनी गरम इंजिनं असतील. काय मागावं तेच कळेना. शेवटी 'तो वाचू दे, तो वाचू दे' एवढंच मनात चाललं होतं.

फाटक बंद होतं. रांग लांबपर्यंत आली होती. व्हॅन अडकली तशी मी दार उघडून पळत सुटले. मी जाडी बाई आहे, पळताना लोक बघतात, बघू देत. पुढे कुठेतरी धमधम ऐकू येत होतं. ते ऐकू येतंय म्हणजे अजून सगळं धड आहे, असं मी स्वतःला समजावत होते. मग वास आला. पंपावर येतो तसा, पण इथे पंप नव्हता.

लाल गाडी एका ट्रकला खेटून उभी होती. छत उघडं. मागच्या चाकांच्या मध्ये रस्ता काळा, ओला. आणि वर ट्रकच्या खिडकीतून ट्रकवाल्याचा हात बाहेर लोंबत होता, बोटांत पेटलेली सिगारेट, अगदी त्या दोघांच्या डोक्यावर. तो राख झटकायच्या बेतात होता.

मी ओरडले नाही. ओरडले असते तर दचकून त्याने ती सोडली असती. मी ट्रकच्या चाकाजवळच्या पायरीवर चढले, त्याच्या बोटांतून सिगारेट काढली आणि मुठीत दाबली. हात भाजला, पण ते मला नंतर कळलं. ट्रकवाल्याने एक सणसणीत शिवी हासडली. मग त्यालाही वास आला असावा, कारण दुसरी शिवी अर्धीच राहिली आणि त्याने गुपचूप स्वतःचं इंजिन बंद केलं.

शेंडेफळाने मान वर करून मला पाहिलं आणि त्याचा चेहरा फुलला. मी काहीतरी विसरले म्हणून आले असं त्याला वाटलं. तो गाण्याचं बटण दाबायला वाकला.

"काही दाबू नकोस," मी म्हटलं. "फक्त किल्ली फिरव. गाडी बंद कर आणि उतर. दोघंही उतरा."

"काय झालं?"

"उतर म्हणतेय ना."

या आवाजात मी त्याच्याशी कधी बोलले नव्हते. तो उतरला. भावजयही उतरली. तोवर हे पोहोचले. त्यांनी, ट्रकवाल्याने आणि शेंडेफळाने गाडी ढकलत रस्त्याच्या कडेला, मोकळ्यावर नेली. मी रांगेतल्या गाड्यांपुढे हात पसरून उभी होते आणि लोकांना मागे हटायला सांगत होते. रेल्वे धडधडत गेली, फाटक उघडलं, रांग आमच्याकडे बघत बघत निघून गेली.

हे सीटमागे हात घालून बसले होते. "तीन घट्ट आहेत," ते म्हणाले. "चौथा बोटाने फिरतोय. भोवती ओलं आहे."

"काढू का मी?" शेंडेफळ म्हणालं.

"हात लावायचा नाही. आत्ता तोच बूच आहे."

हे तो स्क्रू अंगठ्याने दाबून धरून बसले, टाकी रिकामी करायला मेकॅनिक येईपर्यंत. मी कितीदा म्हटलं, उतरा तिथून. त्यांनी ऐकलं नाही. मला रडू येत होतं आणि रागही येत होता, ह्यांचा, माझा, त्या कॉम्प्रेसरचा. मेकॅनिकने टाकी उपसली, स्क्रू काढला आणि ह्यांच्या तळहातावर ठेवला. टोक ओलं होतं.

"भोक मी पाडलं," हे शेंडेफळाला म्हणाले.

"गालिचा मी कापला," मी म्हटलं.

तो दोघांकडे आळीपाळीने बघत राहिला.

भावजय रस्त्याच्या कडेच्या दगडावर बसली होती. ते लांब पाय पोटाशी घेऊन ती अगदी लहान दिसत होती. मी जवळ गेले तर तिने माझा भाजलेला हात उलटा करून पाहिला आणि हळूच म्हणाली, "ताई, मला पंपावरून निघाल्यावर लगेच वास आला होता. मी ह्याला दोनदा म्हटलं, थांबूया, बघूया."

"मग?"

"हा म्हणाला, पंपावरचाच असेल. आणि म्हणाला, आपण काय तपासायचं, घरचं काम आहे."

शेंडेफळाने मान खाली घातली. पेट्रोलचा वास येत असताना कुणी गाडीत बसून राहतं का, असं मी त्याला फाडफाड बोलणार होते, तोंड उघडलंही होतं. मग मी ते मिटून घेतलं. परक्याने बसवलेलं असतं तर तो पहिल्या वासालाच थांबला असता.